दुभाष्याची मजुरी

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. निदान त्याचा फोटो तरी मोबाईलवर आला असेल. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि दोन राज्यांची सीमा नेमकी या स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. एका बाकाचा अर्धा भाग इकडचा, अर्धा तिकडचा, आणि त्यावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली. जाणारे-येणारे तिथे बसून फोटो काढतात. इथे गाडीची घोषणा चार भाषांत होते: हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती.

मागे सुरतेला एका लग्नासाठी निघालो होतो, तेव्हा आम्हीही त्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. घोषणा झाली, चारही भाषांत झाली. आमच्या शेजारी डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी उभी होती. चारही वेळा तिने मान वर करून ऐकले आणि मग शेजारून जाणाऱ्या चणेवाल्या पोराला तिच्या मावची बोलीत काही विचारले. पोराने टोपली खाली न ठेवताच तिच्याच बोलीत उत्तर दिले आणि हाताने दुसरा फलाट दाखवला. म्हातारी लगबगीने गेली. चणे तिने घेतले नाहीत, आणि पोरानेही तशी अपेक्षा केली नाही.

रेल्वेने चार भाषांचा खर्च केला, कारण प्रवाशाची गाडी चुकली तर ओरड रेल्वेकडे येते. पाचव्या भाषेचे काम त्या पोराने फुकट केले. हा लेख त्या पाचव्या भाषेच्या कामाबद्दल आहे. आपल्या समाजातील शेकडो माणसे असे काम रोज करतात, आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि त्यात शंभरातील जवळपास एकोणसत्तर माणसे आदिवासी. भिली, देहवाली, पावरी, मावची, कोकणी या त्यांच्या बोली. सपाटीवर अहिराणी आणि गुजर बोली. बाजारपेठेत गुजराती आणि मारवाडी. आपल्या मोहल्ल्यांत उर्दू आणि आपली ती खानदेशी हिंदी, जी उर्दूच्या मास्तरांना कधीच पसंत पडली नाही. या सगळ्यांवर कचेरीची मराठी आणि बँकेची इंग्रजी. देशात भिली बोलणाऱ्यांची संख्या त्याच जनगणनेत एक कोटीच्या वर नोंदली गेली. तरीही घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत भिली नाही. म्हणजे एक कोटी माणसांना आपल्या भाषेत एक साधा सरकारी अर्जसुद्धा मिळण्याचा हक्क नाही. त्यांना प्रत्येक कागदासाठी मधला माणूस लागतो.

तो मधला माणूस म्हणजे दुभाषी. शब्द काही नवा नाही. सुरत ते बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. सुरतेत वखारी घातलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना दुभाष्यावाचून एक गाठ कापड विकत घेता येत नव्हते. त्यांच्या दप्तरांत हा शब्द 'दुबाश' होऊन बसला आहे. पण त्या कागदांत दुभाषी हा बहुधा नुसता भाषांतर करणारा नसतो. तो मालही आणून देतो, भावही ठरवतो, पैसेही पुढे करतो आणि स्वतःचा वाटा काढून घेतो. भाषा आणि दलाली एकाच माणसात आल्या की काय होते, ते आपल्या जिल्ह्यात आजही पाहायला मिळते.

सातपुड्यातील मोलगी किंवा धडगावच्या आठवडे बाजारात जाऊन पाहा. उन्हाळा संपता संपता आदिवासी भगिनी डोक्यावरून आमचूर घेऊन उतरतात. कैऱ्या सोलून, कापून, उन्हात वाळवून केलेला हा माल पुढे थेट मोठ्या शहरांच्या मसाला बाजारापर्यंत जातो. मोहफुले आहेत, चारोळी आहे. चारोळीच्या बदल्यात मीठ देण्याच्या गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. या बाजारांत बांगड्या, कपडे, मसाला, कुलपे-चाकू घेऊन बसणाऱ्यांत आपले मणियार, पिंजारी, बागवान, अत्तार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची भिली शाळेत शिकलेली नाही. ती बापाच्या मागे सायकलवर बसून, बाजारात पाल ठोकता ठोकता आलेली आहे.

असेच एक मणियार चाचा आमच्या ओळखीचे आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ ते बाजार करतात. बांगड्या भरताना हातही धरायचा आणि बोलणेही धरायचे, त्यामुळे पाड्यांवरच्या बायकांची बोली त्यांच्या तोंडी घरच्यासारखी बसली आहे. बाहेरगावचा व्यापारी आला की त्यांना हाक मारतो. चाचा पालावरून उठतात, दोघांमध्ये उभे राहतात, भाव इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पोचवतात. आम्ही विचारले, "चाचा, याचे काय घेता?" ते हसले. "इसका क्या लेना? ज़बान चलाने के पैसे होते हैं क्या?"

थोड्या वेळाने मात्र स्वतःहून बोलले. तरुणपणी व्यापारी चहा पाजायचा, कधी वरून काही हातावर ठेवायचा. बाई कोणाला काय पाजणार? "जो चाय पिलाता है, उसकी तरफ़ ज़बान थोड़ी झुक ही जाती है." मान खाली घालून म्हणाले. आता ते व्यापाऱ्याचा चहा घेत नाहीत. कधी सोडला, ते आम्ही विचारले नाही.

चाचांनी एका वाक्यात सांगितले ते आकड्यांत मांडू. समजा एका बाईने वीस किलो आमचूर आणला. व्यापारी किलोमागे जो भाव द्यायला तयार आहे, त्यापेक्षा पाच रुपये कमी तिला सांगितले गेले. झाले शंभर रुपये. ते तिच्या पदरातून गेले, पण तिला कळलेही नाही. दुभाष्याला कदाचित त्यातले वीस मिळाले असतील, कदाचित एक कप चहाच. हेच शंभर रुपये दुभाष्याची उघड मजुरी म्हणून ठरले असते, तर ते त्या दिवशीच्या दहा सौद्यांत वाटले गेले असते, बाईला दहा रुपये पडले असते आणि दुभाष्याला शंभर मिळाले असते. फुकटचे भाषांतर सर्वांत महाग पडते, आणि ज्याला भाषा येत नाही त्यालाच पडते.

हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, कारण यात आपल्याही माणसांचा हात आहे. आपण गरीब आहोत, पाल टाकून जगतो, हे खरे. पण डोंगरातील बाजारात दोन भाषा येणारा माणूस गरीब असला तरी दुबळा नसतो. त्याच्याकडे समोरच्याकडे नसलेली एक गोष्ट असते. ती अमानत आहे, आणि अमानतीत खयानत पाच रुपयांची झाली तरी खयानतच.

आपल्या दीनने या कामाला किती महत्त्व दिले आहे, ते पाहण्यासारखे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत असताना यहुदी लोकांशी पत्रव्यवहार होत असे. पत्रे दुसऱ्यांकडून वाचून आणि लिहून घ्यावी लागत. वाचणारा आहे तेच वाचतो आणि लिहिणारा सांगितले तेच लिहितो, याचा भरवसा नव्हता. तेव्हा प्रेषितांनी (स.) तरुण जैद बिन साबित (र.) यांना ती लिपी शिकायला सांगितले. अर्ध्या महिन्यात ते शिकले, असे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद या दोन्हींमध्ये ही रिवायत आहे. पुढे कुरआनचे संकलन ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते हेच जैद (र.). आपल्या वाजांमध्ये त्यांच्या बुद्धीचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण भाषा शिकण्याचे कारण काय होते, याकडे क्वचितच लक्ष जाते. मधल्या माणसावर भरवसा नव्हता, हे ते कारण होते.

दुसरी गोष्ट सूरह बकराची. दिव्य कुरआनातील सर्वांत लांब आयत ही नमाज किंवा रोजाविषयी नाही; ती उधारीच्या कागदाविषयी आहे. मुदतीची देवघेव लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, लिहिण्यास नकार देऊ नये, असा तिचा आशय आहे. आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे. कागदाचा मजकूर ज्याच्यावर देणे येते त्याने सांगायचा. म्हणजे सावकाराने नव्हे, तर कर्जदाराने. तो स्वतः सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने, पण न्यायाने. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नये, हेही तिथेच आहे. मोलगीच्या बाजारात किंवा तालुक्याच्या कचेरीत हे लागू करून पाहा. सातबारा, वनहक्काचा दावा, धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्याचा कागद. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे आली, त्यांतली माणसे भिली-पावरीत बोलत होती आणि कागद मराठीत येत होते. अशा वेळी मजकूर कोणाचा होता आणि तो कोणाला किती कळला?

आता डोंगर उतरून आपल्या मोहल्ल्यात येऊ, कारण भाषांतराचा फटका फक्त आदिवासींना बसतो असे नाही. आपल्याला तो नावात बसतो.

देशातील पहिले आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातच दिले गेले. शहादा तालुक्यातील टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, तत्कालीन पंतप्रधानांच्या उपस्थितीत. त्या दिवसापासून कागदावरचे नाव म्हणजे माणूस, असे झाले आहे. आणि आपली नावे तीन लिप्यांतून प्रवास करतात. उर्दू शाळेच्या रजिस्टरात एक, रेशनकार्डावर देवनागरीत दुसरे, बँकेत आणि पासपोर्टवर इंग्रजीत तिसरे. उर्दूतील 'ज़' चा उच्चार देवनागरीत कोणी ज लिहितो, कोणी झ. जाकिर आणि झाकीर, जैनब आणि झैनब, कुरेशी आणि कुरैशी. 'शेख'ची इंग्रजी स्पेलिंगे तर आम्हीच चार पाहिली आहेत. त्यात आपली खानदेशी पद्धत: शेख अमुक शेख तमुक. संगणक विचारतो पहिले नाव काय, आडनाव काय. ऑपरेटर पहिल्या खान्यातही शेख टाकतो आणि शेवटच्या खान्यातही. मुलाचे स्वतःचे नाव मधल्या खान्यात जाते, बापाचे गळून पडते. 'अब्दुल'चे संक्षिप्त रूप 'अ.' पुढे कशाचे कशात जाते, ते अल्लाहच जाणे.

आमच्याच घरातील एका भाच्याची शिष्यवृत्ती अशीच अडकली होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. तालुक्याला खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रात नावाची जाहिरात झाली. प्रत्येक खेपेला बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली. पैसे शेवटी आले, पण फी भरण्याची मुदत संपल्यावर. फी कर्ज काढून भरली होती. कोणाचा दोष म्हणून बोट दाखवायला गेलो तर कोणीच सापडले नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने नाव 'बरोबर'च लिहिले होते. पण सुरुवातीला कोणा जाणकाराने दहा मिनिटे बसून तिन्ही लिप्यांत एकच नाव लिहून दिले असते, तर हे सगळे टळले असते. त्या दहा मिनिटांचे पन्नास-शंभर रुपये त्याने खुशाल घ्यावेत. ती मजुरी आहे, मेहरबानी नाही.

म्हणूनच आम्ही म्हणतो की भाषांतर हे पोट भरण्याचे काम आहे, आणि ते आपल्या मुलामुलींच्या हाताशी आहे. परदेशी जाणाऱ्या सुनेचा निकाहनामा उर्दूत असतो, तो इंग्रजीत हवा असतो. जुन्या वाटणीपत्राचा, वक्फनाम्याचा, बक्षीसपत्राचा उर्दू मजकूर दिवाणी दाव्यात मराठीत द्यावा लागतो, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले की इंग्रजीत. फौजदारी खटल्यात आरोपीला साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असे कायदाच म्हणतो. सरकारी दवाखान्यात बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला डॉक्टर आणि अक्राणीच्या पाड्यावरून आलेली बाळंतीण यांच्यामध्ये आज आशाताई उभी असते, किंवा वॉर्डातला शिपाई. राज्य सरकारचे भाषा संचालनालय १९६० पासून आहे, केंद्राचे राष्ट्रीय अनुवाद मिशन म्हैसूरला आहे. तिथपर्यंत आपले किती उमेदवार पोचतात? उर्दू माध्यमातून डी.एड., बी.एड. करून घरी बसलेल्या मुली आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. मराठी, उर्दू, हिंदी त्यांना येते, गुजराती सुरतच्या नातेवाइकांमुळे कानावर आहे. त्यांच्या पालकांना विचारले तर सांगतात, "नोकरी लागली नाही." चार भाषा येतात हे त्यांना कोणी शिक्षण म्हणून सांगितलेलेच नाही.

कोणी म्हणेल, आता मोबाईल भाषांतर करतो, माणसाला कोण विचारणार? प्रश्न रास्त आहे. ई-बे नावाची मोठी ऑनलाईन बाजारपेठ आहे. २०१४ मध्ये तिने इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्यात यंत्राने भाषांतर करण्याची सोय सुरू केली. अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा त्या सोयीमुळे त्या बाजारपेठेवरील निर्यात सुमारे अकरा टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. माल तोच, विकणारे तेच. फक्त समोरच्याला वर्णन कळू लागले. जे सौदे होतच नव्हते, ते होऊ लागले. बाजारात दुभाष्याअभावी होणारे खरे नुकसान हेच आहे. पाच रुपयांची काट निदान मोजता तरी येते. भाषा येत नाही म्हणून जो ग्राहक डोंगर चढलाच नाही, त्याला कोण मोजणार?

पण हे यंत्र मोठ्या भाषांचे आहे. स्पॅनिशचा छापील मजकूर कोट्यवधी पानांचा आहे, भिलीचा फार थोडा. केंद्र सरकारने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे ॲप आणले. त्यात संथाळी, मुंडारी आणि गोंडीबरोबर भिली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ती भिली मध्य प्रदेशाकडची आहे. अक्कलकुव्याची देहवाली, धडगावची पावरी, नवापूरची मावची यांचे शब्द वेगळे, लहेजा वेगळा. यंत्राला त्या शिकवायच्या, तर कोणीतरी पाड्यावर बसून बोलणे ध्वनिमुद्रित करावे लागेल, लिहून काढावे लागेल, तपासावे लागेल. म्हणजे यंत्रालाही आधी दुभाषीच लागतो. त्या कामावर पहिला हक्क आदिवासी मुलामुलींचा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. भाषा त्यांची आहे. पण जोडीने बसणारे, मराठी-हिंदीची बाजू सांभाळणारे दुसरे कोणी लागतील. ते आपले का नसावेत?

अक्कलकुव्यात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान गावचे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी (रह.) यांनी ती उभी केली, मे २०२५ मध्ये त्यांचा इंतिकाल झाला. मदरशाच्या आवारात त्यांनी आधुनिक शिक्षणाची महाविद्यालये आणली, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. तिथे देशभरातून मुले येतात, अरबी आणि उर्दू शिकतात, आणि बाहेर पडताच भिली बाजार लागतो. आम्हाला नेहमी वाटते की भाषांतराचा एखादा सहा महिन्यांचा वर्ग भरवायला याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. अरबीतून उर्दूत येणाऱ्या मुलाला उर्दूतून मराठीत यायला फार वेळ लागत नाही. सवय नसते, एवढेच.

तोवर घरच्या घरी काय करता येईल? फार मोठे काही नाही. घरातील प्रत्येकाचे नाव तिन्ही लिप्यांत एकदा नीट ठरवून एका कागदावर लिहून ठेवा आणि मूल शाळेत घालताना तोच कागद पुढे करा. मुलाला बाजारात भिली किंवा अहिराणी येते म्हणून त्याला गावंढळ म्हणू नका. आमच्या लहानपणी पाहुण्यांसमोर अहिराणी तोंडातून गेली की आजीचा डोळा वटारलेला असायचा. तीच आजी दूधवाल्याशी मात्र अस्सल अहिराणीत भांडायची. आणि मोहल्ल्यात कोणी अर्ज लिहून देत असेल, भाषांतर करून देत असेल, तर दर पानामागे ठरवून भिंतीवर लावा. जो घेत नाही त्याला द्या. जो जास्त घेतो त्याला दर दाखवा.

बाजार समित्यांनाही आमची एक सूचना आहे. नंदुरबारला लाल मिरचीची आवक सुरू झाली की पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, देठ खुडायला शेकडो बाया बसतात, हमाली-तोलाईचे दर ठरतात. त्या दरांच्या यादीत दुभाष्यासाठी एक ओळ घालायला काय हरकत आहे? समितीने रोजावर एक माणूस बसवावा. व्यापाऱ्याचा नाही, शेतकऱ्याचाही नाही, समितीचा. त्याने भाव मोठ्याने सांगावा, दोन्ही भाषांत.

ही कल्पना आम्ही मोलगीत चाचांना सांगितली. त्यांनी आधी थट्टा समजली. मग विचारले, रोज किती देतील? आम्ही म्हटले, तुम्हीच सांगा. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, जनावरांच्या बाजारात करतात तसा आमच्या हातावर टाकला आणि खालून आमची पाचही बोटे दाबली. पाचशे. आम्ही मान डोलावली. रुमाल परत खांद्यावर टाकत चाचा म्हणाले, "और चाय अपनी-अपनी."